मधली आठ वर्षं: माहिती कशावर ठेवावी?

बोलायला उभं राहण्याआधी संयोजकांनी आमच्या हातात एक चिठ्ठी दिली. तीत लिहिलंय, 'सर, थोडक्यात सांगा, डेटा कशावर ठेवायचा?' चिठ्ठी कोणा कारखानदाराचीच असणार, कारण प्रश्नाला फाटे नाहीत. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, थोडक्यात सांगण्याची आमची ख्याती नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि चिंचोळी एमआयडीसीत तो कसा आला हे आम्हाला ठाऊक आहे. तिथूनच सुरुवात करतो.

इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक सुपरवायझर आमच्या ओळखीचे. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्यांनीही सांगू नका म्हटलंय. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाचा पेन्शनबद्दलचा निकाल आला. प्रत्यक्ष पगारावर पेन्शन हवी असेल तर पर्याय द्या, असं कामगारांना सांगण्यात आलं, आणि पगाराचे तपशील मालकाने भरून द्यायचे होते. कधीपासूनचे? योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पगार, महिन्यामहिन्याचा.

शोधाशोध झाली. १९९५ ते २००३ ची हजेरीपत्रकं आणि पगारपत्रकं माळ्यावर सापडली. लाल कापडात बांधलेली, एका कडेला वाळवी लागलेली, पण आकडा न् आकडा वाचता येत होता. २०१२ च्या पुढचं सगळं संगणकात होतं, तेही मिळालं. मधली आठ वर्षं गेली. त्या काळात कारखान्याने वह्या बंद करून नवा संगणक घेतला होता. त्याची हार्ड डिस्क कधीच बंद पडली होती. 'बॅकअप आहे' असं सगळे म्हणत होते, आणि बॅकअप होताही: नऊ सीड्या, प्लास्टिकच्या पाकिटात, पत्र्याच्या शेडखालच्या कपाटात. एकही वाचली गेली नाही.

म्हणजे सर्वांत जुनं टिकलं, सर्वांत नवं टिकलं आणि मधलं गेलं. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी नव्हे, पण ही तऱ्हा आम्हाला फार ओळखीची वाटली. त्या गृहस्थांच्या पत्नीने पगाराच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, म्हणून मधल्या काळातले बरेचसे महिने भरून निघाले. डॉट मॅट्रिक्स छपाई, रिबनची शाई, ठळक. शेवटच्या वर्षीच्या काही चिठ्ठ्या मात्र थर्मल कागदावरच्या होत्या, एटीएमच्या पावतीसारख्या. त्या कोऱ्या निघाल्या. प्रकरण अजून चालू आहे.

आता सोलापूरच्या माणसाला आम्ही संगणकाचा इतिहास सांगावा हे जरा विचित्रच, कारण त्या इतिहासातला पहिला पत्ता तुमच्याच मागावर फिरत होता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. त्या चादरीवरची नक्षी कुठे असते? जेकार्डच्या पत्त्यांत असते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र सिद्ध केलं. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला पुठ्ठ्याचा एक पत्ता. जिथे भोक तिथे हूक वर जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे धागा खाली राहतो. चारशे फेकींची नक्षी असेल तर चारशे पत्ते, दोरीने एकमेकांना ओवलेले. जाकारचं स्वतःचं एक रेशमी चित्र असंच विणलं गेलं, त्याला चोवीस हजार पत्ते लागले. इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना जाकारच्या यंत्रावरून उचलली, आणि ते चित्रही मिळवलं. पुढे हर्मन हॉलेरिथने १८९० ची अमेरिकेची जनगणना भोकं पाडलेल्या पत्त्यांवर मोजली. गंमत बघा, त्या जनगणनेचे मूळ कागदी तक्ते १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर बहुतांश नष्ट झाले. बेरजा उरल्या, माणसं गेली. आज अमेरिकेत आपल्या पणजोबाचा शोध घेणारा माणूस १८८० वरून एकदम १९०० वर येतो. त्यांचीही मधली वर्षं गेली.

या पत्त्यांकडे आम्ही शेवटी परत येऊ. आधी पुण्याला जाऊन यायला हवं.

पेशवे दफ्तर तुम्ही ऐकून असाल. पेशवाई १८१८ ला गेली, कागद राहिले. हजारो रुमाल, आणि त्यांतले कागद कोटींच्या घरात. रुमाल म्हणजे काय, तर कागदांचं गाठोडं बांधायचं कापड. हे कागद का टिकले याचा आम्ही पुष्कळ विचार केला. पहिलं कारण साधं आहे: कागद हाताने केलेला, जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. चिंध्यांच्या आणि तागाच्या लांब तंतूंचा, आम्ल नसलेला. शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, तो उन्हाने उडत नाही आणि हवेने बदलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा कागद आला, त्याच्या अंगातच आम्ल होतं. म्हणून आज आपल्या ग्रंथालयांत १७६० चं पत्र लवचिक असतं आणि १९२० चं मासिक पापडासारखं मोडतं. माध्यम नवं म्हणजे टिकाऊ, हा समज तिथेच मोडायला हवा होता.

दुसरं कारण आम्हाला अधिक महत्त्वाचं वाटतं. इंग्रजांना ते कागद लागत होते. कोणाची इनामं खरी, कोणाची खोटी, हे ठरवण्यासाठी इनाम कमिशनने हेच दफ्तर उपसलं. प्रेमापोटी कोणी जपलं नाही, महसुलापोटी जपलं. ज्याचं काम पडत राहतं ते टिकतं.

आणि काम पडायचं थांबलं की काय होतं ते विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना विचारा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ ला काढला. गावोगाव हिंडून त्यांनी जे गोळा केलं ते कुठे होतं? माळ्यांवर, बळदांत, आणि पुष्कळसं रद्दीच्या वाटेवर. कागदाला पुडी बांधण्यापुरती किंमत होती आणि मजकुराला शून्य.

इथे आम्ही एक निरीक्षण मांडतो, तुम्ही तपासून बघा. ज्या माध्यमाला स्वतःची किंमत असते त्यावरचा मजकूर धोक्यात असतो. ताम्रपट घ्या. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावं म्हणून राजे ते तांब्यावर कोरून देत. तांबं कुजत नाही. पण तांब्याची मोड येते, ती कासाराकडे जाते, आणि राजाच्या अक्षरांचा हंडा होतो. चित्रपटांचंही तसंच. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट बनले, त्यांतले मूठभर उरले. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही पूर्ण प्रत कुठे मिळालेली नाही. नायट्रेटची फिल्म पेट घेते हे खरं, पण सगळ्या जळाल्या नाहीत. फिल्मवर चांदी असते, ती काढून घेण्यासाठी रिळंच्या रिळं विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला सुरू झालं, आणि पी. के. नायर यांनी तिथे जमेल ते वाचवलं. तोवर बरीच चांदी विकून झाली होती. आणि आपण अडाणी म्हणून असं झालं असंही समजू नका. माणूस चंद्रावर उतरला त्या वेळच्या मूळ प्रक्षेपणाच्या टेपा नासाने शोध शोध शोधल्या. २००९ ला त्यांनी जाहीर केलं की बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. टेपांची टंचाई होती! कासाराकडे गेलेला ताम्रपट आणि नासाची टेप यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

तर पेशवे दफ्तर. कागद शाबूत, शाई शाबूत. तरीही ते आज आपल्यापैकी किती जणांना वाचता येईल? हात वर करा. कोणी नाही. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये या दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा मोडी वाचणारे कारकून सहज मिळत होते. आज वाचक तयार करावे लागतात. पत्र समोर आहे आणि पत्र बोलत नाही. संगणकवाले याला 'फॉरमॅट गेला' म्हणतात.

ही वेळ आमच्यावरही आली. आमचा पीएच.डी.चा प्रबंध टाइपरायटरवर टंकलेला, तीन कार्बन प्रतींसह. चौथी प्रत फिकी आहे, पण वाचता येते. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आम्ही न्यायदर्शनातल्या स्मृतीच्या संकल्पनेवर मराठीत पुस्तक लिहिलं, मोठ्या हौसेने संगणकावर. प्रकाशकाशी जमलं नाही, फ्लॉप्या पेटीत राहिल्या. फ्लॉपी वाचणारं यंत्र एका विद्यार्थ्याने शोधून आणलं, फायली उघडल्याही. आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. तेव्हा युनिकोड आपल्यापर्यंत आलेलं नव्हतं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक १९९१ चं, पण बाजारातल्या मराठी फॉन्टांनी आपापली मांडणी केली होती. एकाचा 'क' दुसऱ्याचा 'झ'. त्या फॉन्टची प्रत कोणाकडे नाही. स्मृतीवरचं पुस्तक आणि त्याचाच विसर, असं आमचे कुटुंबीय म्हणतात. त्यांचा विनोद आम्हाला अजून झोंबतो. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे २००५ च्या आधीची मराठी पत्रं, ठराव, कामगारांशी झालेले करार संगणकावर असतील, त्यांनी आज घरी जाऊन एक फाईल उघडून बघावी.

इंग्लंडातली गोष्टही याच जातीची आहे. विल्यम राजाने १०८६ ला देशभराची जमीनमोजणी करून 'डोम्सडे' नावाची वही केली. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ ला बीबीसीने नवी डोम्सडे केली, लेझर डिस्कवर, त्या काळच्या एका खास संगणकासाठी. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली आणि ती सोडवून घ्यायला संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. चामड्यावरची वही लंडनमध्ये अजून उघडते.

बरं, चिठ्ठीवाले गृहस्थ घड्याळ बघतायत. मग आता माध्यमांकडे येऊ.

घरी जाळलेली सीडी आणि कंपनीतून छापून आलेली सीडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छापलेल्या सीडीत खळगे दाबलेले असतात. घरच्या सीडीत रंगाचा थर असतो, लेझर त्यावर डाग पाडतो. रंग म्हटला की तो उडणार. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली किती होत असेल ते तुम्ही जाणता. त्या नऊ सीड्यांचं जे झालं ते होणारच होतं. दगडासारख्या थराची 'एम-डिस्क' निघाली आहे, हजार वर्षांचा दावा करतात. दाव्याला हजार वर्षं झाल्यावर बोलू.

हार्ड डिस्क हे चालतं यंत्र आहे. ती पाच वर्षं नीट चालली तर समाधान माना. आणि एसएसडी, जी आता सगळ्यांना आवडते, तिच्यात माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीच्या मानकाची अपेक्षा काय आहे? आयुष्यभराचं लेखन संपवलेली एसएसडी तीस अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती धरून ठेवेल, एवढीच. उष्णता वाढली की मुदत घटते. नवीकोरी अधिक टिकेल, पण लिहून कपाटात टाकून द्यायची ती वस्तू नव्हे. पेनड्राइव्ह त्याच घराण्यातला, गरीब भाऊ.

चुंबकीय टेप ऐकायला जुनाट वाटते, पण मोठ्या संस्था आजही तिच्यावरच विसंबतात. एलटीओ नावाची जात २००० ला आली, पहिल्या पिढीची टेप शंभर जीबीची होती, २०२१ च्या नवव्या पिढीची अठरा टीबीची आहे. नीट ठेवली तर तीस वर्षं असं उत्पादक सांगतात. नीट म्हणजे सोळा ते पंचवीस अंश आणि कोरडी हवा. टेपांचाही इतिहास निष्कलंक नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ टेपांचा डिंक दमट हवेने चिकट झाला आणि त्या भट्टीत मंद शेकून एकेकदा वाजवून घ्याव्या लागल्या. दुसरी अडचण वाचकयंत्राची. पूर्वी नवं यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचायचं, आठव्या आणि नवव्या पिढीचं यंत्र मागच्या एकाच पिढीच्या वाचतं. म्हणजे टेप तीस वर्षं टिकेल, पण ती वाचणारं यंत्र आधीच बाजारातून जाईल.

क्लाउड म्हणाल, तर ते माध्यम नव्हे, भाडेकरार आहे. भाडं थकलं की सामान बाहेर. कारखाना बंद पडतो तेव्हा पहिलं कोणतं बिल थकतं ते तुम्हीच सांगा. एक प्रत तिथे असू द्या, ती एकुलती एक नको.

मग करायचं काय? आमचं उत्तर भांडारकर संस्थेकडून घेतलेलं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली १९१९ ला आणि पूर्ण केली १९६६ ला. विष्णु सीताराम सुकथनकर हे तिचे प्रमुख संपादक. त्यांच्यासमोर व्यासांची मूळ प्रत नव्हती. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या शेकडो हस्तलिखित प्रती होत्या, वेगवेगळ्या लिपींतल्या, प्रत्येकीत चुका. पण चुका वेगवेगळ्या! काश्मिरी लेखनिकाने गाळलेली ओळ केरळच्या ताडपत्रात होती. त्या भिन्न चुकांच्या आधारानेच जुना पाठ ठरवता आला. सगळ्या प्रती एकाच कपाटात, एकाच हाताच्या असत्या तर चूकही सगळीकडे एकच असती. आणि ५ जानेवारी २००४ ला याच संस्थेवर हल्ला झाला, पोथ्या फाडल्या गेल्या, हेही लक्षात ठेवा. धोका नेहमी वाळवीचा आणि आगीचाच असतो असं नाही.

संगणकवाले जे सांगतात ते याहून वेगळं नाही: तीन प्रती, दोन जातींच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. सोलापुरातच दुसऱ्या पेठेत नको, पुण्याला किंवा लातूरला ठेवा. नऊ सीड्या म्हणजे नऊ प्रती नव्हेत. ती एकच प्रत होती, नऊ तुकड्यांत, एकाच कपाटात.

अजून एक. प्रत आहे म्हणजे ती खरी आहे, हे कशावरून? नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत. आधीच्या अनुभवावर ती उभी, स्वतंत्र ज्ञान नव्हे. तिची साक्ष तपासून घ्यायची. वेदपाठकांनी ही तपासणी पाठांतरातच बसवली. क्रमपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-तिसरं. जटापाठात पुढे, मागे, पुन्हा पुढे. घनपाठात त्याहून गुंतागुंतीचं. एक पद चुकलं की साखळी अडते, आणि चूक त्याच क्षणी कानाला कळते. संगणकात याला 'चेकसम' म्हणतात. शा-२५६ नावाची रीत आहे, फाईल केवढीही असो, तिचा चौसष्ट चिन्हांचा ठसा निघतो. एक अक्षर बदललं तर ठसा पार बदलतो. ठसे वहीत लिहून ठेवा, वर्षातून एकदा पडताळा. कारखान्यात अग्निशामक नळकांडी तपासायला माणूस येतो ना, त्याच दिवशी हेही करा. त्या नऊ सीड्या कोणीतरी २०१३ मध्ये घालून बघितल्या असत्या तर तेव्हा कदाचित वाचल्या गेल्या असत्या.

कायदा किती वर्षं सांगतो? कंपनी कायदा हिशेबाच्या वह्या आठ वर्षं ठेवा म्हणतो. जीएसटी म्हणतो वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने. पण कामगाराची नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असते, त्यानंतर पेन्शन, त्यानंतर त्याच्या बायकोची पेन्शन. आमचा आग्रह असा की पगार आणि हजेरी यांना कर-खात्याची मुदत लावू नका. दर महिन्याचं पगारपत्रक चांगल्या, आम्लविरहित कागदावर लेझर प्रिंटरने छापा, सही करा, बांधून ठेवा. लेझर प्रिंटरच्या काळ्या टोनरमधला रंगही बहुधा कार्बनचाच, काजळीचा चुलतभाऊ. महिन्याला चार-पाच कागद होतील. बाकीच्यासाठी दोन हार्ड डिस्का, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दर पाच वर्षांनी नव्यावर उतरवलेल्या. मोठा पसारा असेल तर टेप. फाईल साध्या रूपात: मजकूर युनिकोडमध्ये, तक्ते साध्या अल्पविरामी फायलीत, कागदपत्रं पीडीएफ-ए मध्ये. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्येच अडकलेला पगार हा मोडीतला पगार समजा.

दगडाबद्दल कोणीतरी विचारणारच, कारण आपल्या जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे, भीमा-सीनेच्या संगमावर. हजार वर्षं झाली, अक्षरं आहेत. तो तिथे आहे हे सोलापूरच्या आनंद कुंभारांनी शोधून वाचेपर्यंत जगाला ठाऊक नव्हतं. टिकणं आणि सापडणं या दोन गोष्टी आहेत. पेटीवर काय आहे ते लिहा, आणि पेटी कुठे आहे ते दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.

आता पत्ते. इथल्याच एका तरुण कारखानदाराने मागच्या पावसाळ्यात आम्हाला घरी बोलावलं. वडील नक्षीकार होते, पद्मशाली घराणं, आलेखाच्या कागदावर नक्षी रंगवायचे आणि हाताने पत्ते पाडायचे. ते गेले. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यावर काही नक्ष्या संगणकात घेतल्या होत्या, त्या फ्लॉपीबरोबर गेल्या. गोदामात पत्त्यांच्या माळा होत्या, काही उंदरांनी खाल्लेल्या. रद्दीवाला किलोने मागत होता. मुलगा विचारत होता, यंत्र नाही, मग हे वाचणार कसं? आम्ही एक पत्ता उचलून खिडकीकडे धरला. भोक म्हणजे काळा चौकोन, भोक नाही तो पांढरा. डोळ्यांनी वाचता येतो.

त्याने पत्त्यांचे फोटो काढले, क्रमाने, मागे उजेड ठेवून. एका मित्राने त्यावरून चौकोन भरणारा छोटा प्रोग्राम केला. मोराची एक नक्षी जवळजवळ पूर्ण परत आली. एका ठिकाणी मात्र ते दोघे अडले. वडिलांनी काही चुकीची भोकं कागदाची चकती डकवून बुजवली होती, आणि तीन चकत्या गळून पडल्या होत्या, डिंकाचा डाग तेवढा उरला होता. प्रोग्राम तिथे भोक वाचत होता. मुलाने विचारलं, सर, भोक धरू की चकती? आम्ही म्हटलं, विणताना चकती धर, पण फोटोतला डाग पुसू नकोस, आणि दोन्ही ठेव. एक चादर त्याने विणून पाठवली आहे, ती इथे टेबलावर आहे. जवळ येऊन बघा, मोराच्या मानेजवळ.

प्रश्न असतील तर आता घेऊ.